ओळख आणि पत

लिंक्डइन या व्यावसायिकांच्या समाजमाध्यमावर आपल्या गावच्या उद्योजकांचा गट काढावयाचा झाला, तर त्यास फार तर दहा मिनिटे लागतात. नाव द्यावे, चार ओळींत हेतू लिहावा, एखादे चित्र चिकटवावे, की गट तयार. पंधरवड्यात शंभर-दोनशे माणसे आत येतात. वर्षभराने तेथे डोकावून पाहावे, तो विमा एजंटाची जाहिरात, तिच्याखाली एका शिकवणीवर्गाची, तिच्याखाली दिवाळीच्या शुभेच्छा. आणि ज्याने गट काढला त्याचा कोठे पत्ता नाही. असे गट आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. खरे सांगावयाचे तर त्यांतला एक आम्हीच काढलेला होता. तेव्हा हा विषय आम्ही तिऱ्हाइताच्या नात्याने मांडीत नाही.

दोष यंत्राचा, अशी आम्ही प्रथम आमची समजूत घालून घेतली. पण व्यापारी लोकांच्या मंडळांचा इतिहास चाळू लागल्यावर ती समजूत टिकेना. पुण्यात १९३४ साली निघालेल्या मराठा चेंबरसारख्या संस्था सरकारदरबारी उद्योगधंद्यांची बाजू मांडतात. तो विषय निराळा, तो येथे घेत नाही. आमचा प्रश्न लहान आहे. गावातल्या दहा-वीस धंदेवाल्यांनी एकमेकांस ओळखावे, आणि त्या ओळखीची पत व्हावी, हे कशाने घडते?

नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा एक लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. गोवर्धन गावी राहणाऱ्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे त्याने २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दल परत मागावयाचे नाही. व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालावयाचा. राजाचा जावई विणकरांच्या हाती कायमची ठेव देतो, ती एखाद्या कोष्ट्याचे तोंड पाहून नव्हे, श्रेणीच्या भरवशावर. लेखात पुढे असेही आहे की हा व्यवहार निगमसभेत सर्वांस ऐकविला आणि फलकावर नोंदविला. सर्वांदेखत बोलणे आणि ते टिपून ठेवणे, या दोन गोष्टी श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्या पुन्हा भेटणार आहेत.

आता दूरच्या एका गावी जावयाचे आहे, कारण तेथल्या मंडळाचे कामकाज त्याच्या संस्थापकानेच लिहून ठेवले आहे. १७२७ साली फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन या एकवीस वर्षांच्या छापखान्यातल्या कामगाराने 'जंटो' नावाचे मंडळ काढले. बैठक दर शुक्रवारी संध्याकाळी. सभासद कोण, तर एक दस्तऐवज नकलणारा, एक काचा बसविणारा, एक जमीन मोजणारा, एक मोची, एक सुतार, एक व्यापाऱ्याचा कारकून, छापखान्यातले तिघेचौघे, आणि या सगळ्यांत पैसेवाला असा एकच तरुण. पुढे सभासदांची संख्या बारावर थांबविली.

दर बैठकीस ठरीव चोवीस प्रश्न विचारीत, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पेलाभर मद्य घेण्यापुरते थांबत. (बैठक वेळेवर सुरू होण्याचे श्रेय कशास द्यावे, हे श्रोत्यांनी ठरवावे.) प्रश्न मात्र मोठ्या मार्मिक जातीचे होते. अलीकडे कोणाचा धंदा बुडाल्याचे ऐकले काय, आणि त्याचे कारण काय? कोणाची भरभराट होत आहे, आणि ती कोणत्या उपायांनी? नुकताच धंद्यास लागलेला एखादा होतकरू तरुण आहे काय, ज्यास मंडळास हात देता येईल? यांत 'माझा माल घ्या' असे म्हणावयास जागाच ठेवलेली नाही. प्रत्येकास आधी दुसऱ्याविषयी बोलावे लागते. हट्टाने आपलेच खरे करणाऱ्यास लहानसा दंडही होता.

आणि तरी धंदा मिळाला. फ्रँकलिनने स्वतःचा छापखाना काढला तेव्हा नकलनविसाने क्वेकर पंथीयांच्या इतिहासाच्या चाळीस तावांचे काम त्यास मिळवून दिले. पुढे भागीदाराच्या वडिलांस कबूल केलेली रक्कम पुरी देता येईना, व्यापाऱ्याने फिर्याद लावली, आणि छापखाना विकावयाची वेळ आली. त्या वेळी तो पैसेवाला तरुण आणि तो कारकून, दोघे एकमेकांस न कळविता त्याच्याकडे गेले आणि सगळी रक्कम देऊ म्हणाले. मात्र दारूबाज भागीदारास सोडावे, असे दोघांचेही म्हणणे पडले. फ्रँकलिनने कोणासही न दुखविता दोघांकडून निम्मी-निम्मी घेतली. तारणावर मिळालेले हे पैसे नव्हेत. दोन-तीन वर्षे दर शुक्रवारी हा मनुष्य कसा बोलतो, कसा ऐकतो, हे त्या दोघांनी पाहिलेले होते.

मंडळाचा लौकिक वाढला तशी आपापले मित्र आत घ्यावेत अशी सभासदांची मागणी आली. फ्रँकलिनने विरोध केला. हवे तर प्रत्येकाने स्वतःचे वेगळे मंडळ काढावे, तेथे हेच प्रश्न विचारावेत आणि काय घडले ते मूळ मंडळास येऊन सांगावे, अशी तोड त्याने सुचविली. त्याप्रमाणे पाच-सहा मंडळे निघाली.

शिकागोतला रोटरी क्लब २३ फेब्रुवारी १९०५ रोजी निघाला. वकील पॉल हॅरिस, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता, एक शिंपी असे चौघे अभियंत्याच्या कचेरीत जमले. प्रत्येक धंद्याचा एकच सभासद, बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत, हा नियम. सुरुवातीच्या घटनेत परस्परांचा धंदा वाढविणे हा हेतू उघड लिहिलेला होता, आणि कोणी कोणास किती काम दिले हे टिपण्यास एक आकडेनीसही नेमलेला असे. १९०६ साली डोनाल्ड कार्टर या पेटंटांच्या वकिलास बोलावणे गेले, तेव्हा केवळ स्वतःपुरते पाहणाऱ्या मंडळात आपण येणार नाही असे त्याने सांगितले. हॅरिसला ते पटले आणि शहराच्या हिताचे कलम घटनेत आले. १९८५ साली कॅलिफोर्नियात आयव्हन मायझनरने काढलेल्या बीएनआयने जुनीच वाट पुन्हा धरली : दर आठवड्यास हजेरी, एका धंद्याचा एकच मनुष्य, दिलेल्या कामाची नोंद.

पण दार बंद ठेवण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. रोटरीत स्त्रियांस प्रवेश नव्हता. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने तीन स्त्रियांस घेतले, म्हणून १९७८ साली त्या क्लबाचीच सनद काढून घेण्यात आली. निवाडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८७ साली तो स्त्रियांच्या बाजूने लागला. ज्या मेजावर कामे वाटली जातात तेथून कोणास उठवून लावणे हे घरगुती आवडीनिवडीचे प्रकरण राहत नाही. जंटोच्या चोवीस प्रश्नांतही एखाद्या स्त्रीच्या दुकानाची चौकशी नाही.

लिंक्डइन ५ मे २००३ रोजी सुरू झाले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची सभासदसंख्या शंभर कोटींवर गेल्याचे कंपनीने सांगितले. दार उघडे ठेवण्याचा हा फार मोठा प्रयोग आहे. तालुक्याच्या गावी मुलीने काढलेला मसाल्याचा कारखाना त्यामुळे दूरच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण गटांचे दुखणे कंपनीसही जाणवले होते. २०१५ साली तिने गटांची फेररचना केली, आतले बोलणे बाहेरच्यांस दिसेनासे केले. मात्र त्याच वेळी गटातले पोटगटही मोडीत निघाले, म्हणजे फ्रँकलिनने हट्टाने धरलेली सोयच गेली. चालकाच्या हाती उरते ते प्रवेश देणे, मजकूर काढून टाकणे, माणूस काढून टाकणे. हजेरी नाही. दोन वर्षे चकार शब्द न बोललेला मनुष्यही तेथे सभासद म्हणून मोजला जातो.

आमच्या गटाचे पुढे काय झाले ते सांगतो. सहाशेंवर नावे होती. प्रत्येकास एक-एक पत्र लिहिले : आपण काय करता, आणि गावातल्या कोणाच्या कामाची खात्री देऊ शकाल? पन्नासही उत्तरे आली नाहीत. ज्यांची आली, स्त्रिया काय पुरुष काय, तेवढ्यांस ठेवले, बाकीच्यांस क्षमा मागून निरोप दिला. पुष्कळांनी राग धरला. जाहिरात बंद केली आणि दर शुक्रवारी एकच प्रश्न टाकावयाचे ठरविले. पहिला प्रश्न फ्रँकलिनचाच घेतला : धंदा कोणाचा बुडाला, आणि कशाने?

दोन दिवस सगळे चिडीचूप. तिसऱ्या दिवशी पत्र्याचे जॉबवर्क करणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिले की दुसऱ्या कोणाचे कशाला, दसऱ्यापासून माझीच मशीन बंद आहे. दहा वर्षे एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलो, आणि त्याने सहा महिन्यांची बिले अडकविली. त्याखाली नऊ जणांनी लिहिले. दोघांस पत्र्याचे काम करून हवे होते. एका बाईंनी आपल्या हिशेबनिसाचा दूरध्वनी क्रमांक दिला आणि सोमवारी येऊन वह्या दाखवा म्हणून कळविले.