माका की कंबरमोडी? तेलासाठी पाला तोडण्याआधी हे बघा

‘घरच्या घरी माक्याचं तेल’ सांगणाऱ्या रील्स बघून अनेक जण बांधावरचा पाला तोडायला निघतात. पण माका समजून कंबरमोडी घरी येण्याची शक्यता बरीच असते. काही ठिकाणी तर भृंगराज म्हणून औषधातही कंबरमोडीच वापरली जाते.

दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात जागा पाहिली तरी निम्मं कोडं सुटतं. बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याकाठी, नालीत, कायम ओल असलेल्या जागी वाढतो तो माका. कपाशीच्या कोरड्या धुऱ्यावर आणि मुरमाड रस्त्याकडेला पसरते ती कंबरमोडी. इतरत्र तिला एकदांडी किंवा दगडी पालाही म्हणतात.

एकदांडी हे नाव अगदी चपखल आहे. वीतभर लांब, पानं नसलेला एकच दांडा आणि त्याच्या टोकाला एकच फूल. मध्ये पिवळा गोळा, भोवती पाच-सहा फिक्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. तिचं शास्त्रीय नाव ‘ट्रायडॅक्स’. ही मूळची अमेरिका खंडातली. बियांना केसाळ तुरा असतो, त्यामुळे त्या वाऱ्यावर लांब जातात.

माक्याचं फूल नखाएवढं. पानाच्या बेचक्यात, आखूड देठावर. पाकळ्या पांढऱ्या, दोऱ्यासारख्या बारीक आणि भरपूर. पानं अरुंद, लांबट, खरखरीत. कंबरमोडीची पानं मात्र रुंद आणि कडेला खोल दातेरी.

तरी शंका उरली तर पान तळहातावर चुरडा. माक्याचा रस थोड्या वेळात काळा पडतो. (जुन्या पुस्तकांत ‘एक्लिप्टा अल्बा’ आणि नव्यात ‘एक्लिप्टा प्रोस्ट्राटा’ असं वाचून गोंधळू नका, झाड एकच.)

म्हणजे कंबरमोडी कुचकामी का? नाही. निंदताना विळा लागला की तिचा रस जखमेवर पिळायची रीत जुनी आहे. पण जखम खोल असेल तर दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन याला पर्याय नाही.

आणि रील्समध्ये सहसा न सांगितली जाणारी गोष्ट: कपाशीवर फवारणी होते, धुऱ्यावर तणनाशकही मारलं जातं. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यामुळे दोन्हींपैकी कोणताही पाला तोडण्याआधी शेतमालकाला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा.