शिवराई : मातीतून निघालेल्या नाण्याची ओळख आणि सफाई

शिवराई हे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे. 1674 मध्ये रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडायला सुरुवात केली. होन आज अत्यंत दुर्मीळ आहे. शिवराई मात्र पेशवाई बुडाल्यानंतरही, इंग्रजी अमदानीत, गावोगावच्या बाजारात चालत होती. त्यामुळे नांगरट करताना, विहिरीचा गाळ उपसताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खणताना महाराष्ट्रात जी तांब्याची नाणी वर येतात, त्यांत ती पुष्कळदा असते.

ओळख. नाणे जाड, ओबडधोबड गोल आणि काठाला असमान असते. मूळच्या शिवराईचे वजन साधारण 11 ते 13 ग्रॅम, म्हणजे तोळ्याच्या आसपास. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच मिळतात. ‘राजा’मधला ‘जा’ आणि ‘शि’ची वेलांटी एवढेच दिसले तरी ओळख पटू शकते. अक्षर लागत नसेल तर नाणे घासू नये. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवी धरून उजेड कडेने पाडावा आणि नाणे हळूहळू फिरवावे. उठाव सावलीत स्पष्ट होतो. समोरून उजेड टाकला की तोच उठाव सपाट भासतो.

‘शिव’ वाचले म्हणजे नाणे शिवकालीन ठरले, असे होत नाही. महाराजांच्या नावाची शिवराई त्यांच्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ पाडली जात होती. टांकसाळी पुष्कळदा मक्त्याने खासगी लोकांकडे असत, म्हणून अक्षरांची वळणे आणि शुद्धलेखनही बदलते. ‘सिव’, ‘शीव’, ‘पती’ अशी रूपे आढळतात. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन समांतर आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, पेशवाईच्या उत्तरकाळातली. तिचे वजनही सहसा कमी भरते. काही नाण्यांवर शाहूंचे नाव येते, तर संभाजी महाराजांच्या नावाची शिवराई फारच विरळा. दहा-वीस शिवराया एकत्र मिळाल्या तर त्यांतल्या बहुतेक उत्तरकालीन निघण्याचीच शक्यता जास्त, पण म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. कोणत्या गावात कोणत्या काळची नाणी फिरत होती, हे त्यांच्यामुळेच कळते.

शिवराईशी गल्लत होणाऱ्या वस्तूही पुष्कळ. जड, जाडजूड आणि फारसी मजकुराचे तांबे मोगली किंवा दख्खनी सुलतानांचे असू शकते. तराजूचे चित्र असेल तर ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याचे. देवादिकांची चित्रे आणि कंपनीचे नाव एकत्र असलेला ‘1818’ सालचा ‘अर्धा आणा’ हे मात्र नाणेच नव्हे; कंपनीने असे चलन कधी काढले नाही. असे बिल्ले पुढे हौसेखातर आणि विक्रीसाठी बनवले गेले.

सफाई. तांबे जमिनीत पडून राहिले की पृष्ठभागाचे रूपांतर होते : आत लालसर तपकिरी थर, वर घट्ट हिरवा. हा राप म्हणजे मळ नव्हे. पुष्कळदा अक्षरांचा उठाव याच थरात टिकून असतो आणि खालचा धातू खडबडीत झालेला असतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा भांडी घासायची पावडर लावून नाणे गुलाबी चकचकीत केले की अक्षरेही त्याबरोबर जातात. असे नाणे अभ्यासकाच्या आणि संग्राहकाच्या दृष्टीने निकामी होते.

पहिले काम वजन आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र. मग सुटी माती निघेल एवढा वेळ नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावे, पाणी बदलत राहावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते नको. भिजलेली माती मऊ ब्रशने किंवा बांबूच्या काडीने भिंगाखाली सोडवावी. सुई किंवा तारेचा ब्रश वापरू नये. शेवटी ॲसिटोनमधून काढले तर पाण्याचा अंश उडून जातो (खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास आग नको). ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तेलातली आम्लेही हळूहळू राप खातात.

खरी काळजी फिकट हिरव्या, भुकटीसारख्या ठिपक्यांची. काडीने टोचताच ते पिठासारखे निघतात आणि आठवड्याभरात पुन्हा उगवतात. तांब्यात अडकलेले क्लोराइड हवेतल्या ओलाव्याने पुन्हा पुन्हा आम्ल तयार करते, हे त्यामागचे कारण. कोकणच्या पावसाळ्यात हा रोग झपाट्याने वाढतो. असे नाणे ताबडतोब वेगळे करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबीत ठेवावे. पुढचे रासायनिक उपचार संवर्धकाकडूनच करवून घ्यावेत. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना तर ऊर्ध्वपातित पाणीही बाधते, लाकडी कपाटातली आम्ले त्याहून जास्त, आणि त्यांवरची पांढरी भुकटी विषारी असते. ती घरी साफ करू नयेत.

ठेवण्यासाठी आम्लविरहित कागदाची पाकिटे चांगली. पीव्हीसीचे मऊ प्लास्टिक अल्बम टाळावेत, त्यांचा चिकट हिरवा थर नाण्यावर बसतो.

नोंद आणि कायदा. गाव, गट क्रमांक, खोली, सोबत मिळालेली खापरे हे सारे त्याच दिवशी लिहून ठेवावे. नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था या विषयाला वाहिलेली आहे. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते; ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.