महाराष्ट्रातील कॅसिनो कायदा : स्वरूप आणि वाद

महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, 1976 हा विधिमंडळाने संमत केलेला, परंतु कधीही अमलात न आलेला कायदा होय. अंमलबजावणीची तारीख शासनाने अधिसूचित न केल्याने तो कागदावरच राहिला. तो लागू करावा, यासाठी मुंबई उच्च न्यायालयातही दाद मागण्यात आली. अखेर ऑगस्ट 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्यास मान्यता दिली.

पैज व जुगार हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत मोडतो. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये जुगार हा व्यापार नसल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे जुगाराचा धंदा करण्याच्या मूलभूत हक्काचा दावा टिकत नाही. राज्यात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे.

समर्थकांचा भर महसूल, पर्यटन व रोजगारावर असतो. बंदीने जुगार थांबत नाही, तो केवळ चोरवाटेने चालतो, असेही ते म्हणतात. विरोधक कर्जबाजारीपणा आणि कुटुंबांची वाताहत पुढे करतात. शेजारच्या गोव्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यांत्रिक जुगाराला व 1996 मध्ये नौकांवरील कॅसिनोंना वाट मोकळी झाली. मात्र 1 फेब्रुवारी 2020 पासून तेथील रहिवाशांनाच कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे. पाहुण्यांचा पैसा हवा, पण झळ घरच्यांना नको, अशी ही तडजोड आहे.

या वादाला बौद्ध विचाराचीही बाजू आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रात आहेत. गृहस्थधर्म सांगणाऱ्या सिगालोवाद सुत्तात जुगाराची गणना संपत्तिनाशाच्या सहा मार्गांत केली आहे. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर आणि हरणाऱ्याच्या वाट्याला शोक येतो. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत वजन राहत नाही, असे त्यात सांगितले आहे. तरीही आचरण सर्वत्र सारखे नाही. सुमारे 27 टक्के बौद्ध लोकसंख्येच्या सिक्कीमने 2002 मध्ये कॅसिनो कायदा केला, तर बौद्धबहुल थायलंडच्या सरकारने कॅसिनोंना परवानगी देणारे विधेयक तीव्र विरोधानंतर जुलै 2025 मध्ये मागे घेतले.

महाराष्ट्राची भूमिकाही पूर्णतः निषेधाची नाही. राज्य शासन 1969 पासून स्वतःची लॉटरी चालवते आणि घोड्यांच्या शर्यतींवर परवानाधारक पैज चालते. त्यामुळे कॅसिनोचे दार बंद झाले, तरी नशिबाच्या खेळातून सरकारने महसूल घ्यावा काय, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो.