गायरान : हक्क आणि राखण

नगर-मनमाड रस्त्याने जाणारा प्रवासी कोल्हारला प्रवरा ओलांडतो. दक्षिण काठाला कोल्हार खुर्द, उत्तर काठाला कोल्हार बुद्रुक. पहिले गाव राहुरी तालुक्यात, दुसरे राहाता तालुक्यात. बुद्रुक हे भगवती देवीचे ठाणे म्हणून सर्वांस परिचित आहे. दोन्ही काठांना उसाचे मळे पसरलेले आहेत. हे हिरवेपण पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न सहसा येत नाही, तो असा की, या गावांची गुरे पूर्वी चरत कोठे होती? जत्रेच्या गाड्या सुटत कोठे, कुस्त्यांचा हगामा भरे कोठे, आणि ती जागा होती कोणाची? प्रश्न वरवर साधा दिसतो. तथापि त्याचा माग काढू लागले म्हणजे दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागतो. तोच आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

देशावरच्या जुन्या गावाचे दोन भाग सर्वांस ठाऊक असतात : वस्तीची पांढरी आणि पिकाची काळी. परंतु या दोहोंखेरीज तिसरा भाग होता. माळ, पड, ओढ्याकाठ, नदीचे वाळवंट आणि गायरान यांचा तो बनलेला होता. गुराखी सकाळी गावची गुरे एकत्र करून तेथे नेई. शेळ्या तेथेच चरत, सरपण तेथूनच येई, आणि सुगी संपल्यावर पोरांचे खेळ व जत्रेची गर्दीही तेथेच. याला नियम होते, पण ते कागदावर नव्हते, पाटलाच्या शब्दात आणि गावाच्या सवयीत होते. अर्थात त्या व्यवस्थेस सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही. ज्यांचा पाणवठाही गावाने वेगळा ठेवला होता, त्यांच्या वाट्यास या सामाईकपणातला किती भाग येत असेल, याचा विचार केलेला बरा.

इंग्रजी अमलात १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी पाहणी सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर, आकार आणि खातेदाराचे नाव मिळाले. जिला खातेदार नाही अशी जमीन कोणाची, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमाने त्याचे उत्तर दिले : जी जमीन कोणा व्यक्तीच्या मालकीची नाही, ती सरकारची. पुढच्याच कलमात गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आली. वाचणाऱ्यास ही तरतूद उदार वाटेल, आणि काही अंशी ती होतीही. परंतु काल जो गावाचा वहिवाटीचा हक्क होता, तो आज सरकारने नेमून दिलेली सोय झाला. दिलेली सोय परतही घेता येते. शिवाय आपली नव्हे म्हटल्यावर राखणीची जबाबदारीही मनातून उतरते. गायरानाच्या ऱ्हासाचे बीज आमच्या मते येथे आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ साली, हिंदुस्थानात जंगलाचा कायदा झाला. त्याने राखीव जंगलातील गावकऱ्यांची वहिवाट आवळली. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्यावर जी टीका केली, तिचे मर्म हेच होते की, डोंगर आणि गायराने खात्याच्या घशात गेल्याने गरिबाच्या शेळ्या-गुरांना उभे राहण्यास जागा उरली नाही.

नवल हे की, त्याच १८७८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नेमका उलट वळणाचा कायदा केला. लंडनजवळील एपिंगच्या रानात लाउटन नावाचे गाव आहे. तेथील लोकांस हिवाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून सरपण नेण्याचा परंपरागत हक्क होता. जमीनदाराने कुंपण घातले, तेव्हा १८६६ साली टॉमस विलिंगेल याच्या घरच्या माणसांनी ते न जुमानता फांद्या तोडल्या आणि तुरुंगवास पत्करला. प्रकरण वाढत गेले. लंडन नगरपालिकेने दावा लावून १८७४ साली तो जिंकला. १८७८ च्या कायद्याने हे रान लोकांच्या विहारासाठी कायमचे मोकळे राखण्याचे काम त्या नगरपालिकेकडे आले. गुरे चारण्याचा हक्क शाबूत राहिला. फांद्या तोडणे बंद झाले, पण भरपाई देऊन, आणि त्यातूनच गावाला एक सभागृह मिळाले. राज्य एकच, साल एकच. तेथे लोकांच्या वहिवाटीला कायद्याचे कुंपण मिळाले, येथे तिच्याभोवतीच कुंपण पडले.

प्रवरेकाठी पुढे आणखी एक बदल घडला. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांनी पाणी आले, आणि ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हते तिला मोल चढले. १९५० साली कोल्हारशेजारच्या लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. या पराक्रमाचा अभिमान कोणास वाटणार नाही? परंतु कारखान्यात प्रत्येक सभासदाचा भाग असतो, त्याची वार्षिक सभा भरते आणि हिशेब वाचला जातो. गायरानाला भागधारक नाही, सभा नाही, हिशेबही नाही. ज्या मुलखाने सहकार शिकवला, त्या मुलखालाही सामाईक माळाचा हिशेब मांडण्याची गरज भासली नाही, हे आम्हांस विचार करण्याजोगे वाटते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. ज्याला गुंठाभरही जमीन नाही, त्याने पडीक गायरान कसून पोट भरले तर तो गुन्हा कसा? दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाने हाच सवाल केला. १९९१ साली राज्य शासनाने दलित-आदिवासी भूमिहीनांची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय केला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. मात्र भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेली जमीन, तसेच शाळा-दवाखान्यासारख्या सोयी यांस अपवाद ठेवला. हा भेद महत्त्वाचा आहे. पोटासाठी दोन एकर कसणारा आणि वजनाच्या जोरावर माळ गिळणारा यांस एका मापाने मोजणे न्यायाचे नव्हे. किंबहुना सामाईक जमिनी बुडाल्या त्यात कुंपणानेच शेत खाल्ल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मग उपाय काय? तो आमच्याच जिल्ह्यात सापडतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे अवर्षणाचे गाव. डोंगर उघडे पडलेले, माणसे पोटासाठी बाहेर जात. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने स्वतःवर बंधने घातली : कुऱ्हाडबंदी, मोकाट चराईची बंदी, श्रमदान. माळावर जनावर सोडायचे नाही, पण गवत विळ्याने कापून घरी न्यायचे. त्यामुळे गवत वाढले, पाणी मुरले आणि गोठ्यात दुभते जनावर आले. येथे मालकीचा कागद बदलला नाही. बदलली ती राखण.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. चराईबंदीचा पहिला घाव शेळी राखणाऱ्या विधवेवर आणि मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगरावर पडतो. गाय-म्हैस बांधणाऱ्याला कापलेले गवत पुरते. ज्याची मेंढरे चालत चालतच जगतात, त्याने काय करावे? म्हणून नियम करताना त्यांस विचारले पाहिजे. माळाचा एक भाग गवताला बी धरेपर्यंत बंद, दुसरा खुला, पुढील वर्षी पाळी बदललेली, मेंढरांची वाट ठरलेली आणि जत्रा-हगाम्याची जागा बारमाही मोकळी, अशी वाटणी करता येते. ती सरकारी हुकुमाने टिकणार नाही. ग्रामसभेनेच ती केली पाहिजे.

इतिहासातून आम्ही एवढाच बोध घेतो. ‘सर्वांचे’ म्हणजे ‘कोणाचेच नाही’ असे जे म्हटले जाते, ते अपुरे आहे. नियम आणि राखणदार असेपर्यंत सर्वांचे ते सर्वांचेच राहते. प्रारंभ अगदी लहान असावा. गावच्या गायरानाचे गट किती, क्षेत्र किती, हद्दीचे दगड जागेवर आहेत की नाहीत, हे वर्षातून एकदा ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. शहरवासीयांनीही आपल्या मैदानांची अशीच यादी मागून घ्यावी. कारखान्याचा ताळेबंद ऐकण्यास जो समाज उत्साहाने जमतो, त्याला आपल्या माळाचा ताळेबंद ऐकणे जड जाऊ नये.