रांजण आणि संगणकाची स्मृती

विट्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात रांजण भरून ठेवण्याचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. संगणकजालावरील साठवणीचा इतिहासही टंचाईतूनच घडला. १९८९ मध्ये मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून अमेरिकेला जोडणारी वाहिनी सेकंदाला ९,६०० बिटांची होती. या वेगाने ६० किलोबाइटचे चित्र यायला ५० सेकंद लागतात. वर्गातल्या ४० मुलांनी तेच चित्र एकामागून एक मागवले, तर अर्ध्या तासाहून अधिक!

यावर उपाय म्हणजे मध्यस्थ संगणक, म्हणजेच प्रॉक्सी. एकदा आणलेले पान तो जपून ठेवतो व पुढच्याला तेच देतो. १९९४ मध्ये सर्नच्या सर्व्हरमध्ये ही सोय होती. १९९६ मध्ये ‘स्क्विड’ आला. त्याच्या ३.१ आवृत्तीपासून चकतीवर जागा नेमून दिली नाही, तर सारा साठा स्मृतीतच राहतो. तो झपाट्याने मिळतो, पण स्क्विड बंद पडला की रांजण रिकामा!

साठा असूनही मोठे चित्र दरवेळी बाहेरूनच येते का? मग एका वस्तूची कमाल मर्यादा पाहावी. ती मुळात ५१२ किलोबाइटच असते. साठ्याला उपलब्धतेपेक्षा जास्त स्मृती दिली, तर संगणक चकतीचा आधार घेतो आणि वेग उलट घटतो. आजची बहुतेक पाने सांकेतिक रूपात येतात. ती सहसा साठवता येत नाहीत. म्हणून आधी नोंदवही वाचावी, मग आकडे बदलावेत. रांजण किती मोठा, यापेक्षा त्यात काय मावते, हे महत्त्वाचे.