फाइल उघडण्यापूर्वी कर्नेलची विचारणा

संगणकावरील फाइल कोणी उघडली वा बदलली, हे सर्वप्रथम कळते ते कर्नेलला. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रत्येक प्रोग्रामला फाइल मिळते ती त्याच्यामार्फतच. ही वार्ता इतर प्रोग्रामना कळविण्याची सोय 'लिनक्स'मध्ये टप्प्याटप्प्याने झाली.

जानेवारी २००१ मधील २.४ आवृत्तीत 'डीनोटिफाय' आले. ते केवळ फोल्डरवर लक्ष ठेवी आणि त्यासाठी तो फोल्डर सतत उघडा ठेवावा लागे. परिणामी पेन ड्राइव्हसारखे साधन सुरक्षितपणे काढून घेणे अडून बसे. जॉन मॅक्कचन व रॉबर्ट लव्ह यांचे 'आयनोटिफाय' ऑगस्ट २००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीतून आले आणि ही अडचण दूर झाली. मात्र फाइलला कोणत्या प्रोग्रामने हात लावला, हे ते सांगत नाही.

भिंगारसारख्या लष्करी छावणीच्या गावातील वाचकांना फाटकावरील पहारा परिचित आहे. आत गेलेल्याची केवळ नोंद करणे वेगळे आणि त्याला दाराशीच थांबवून विचारणे वेगळे. आयनोटिफाय नोंद करते; अँटिव्हायरसला मात्र थांबविण्याचा अधिकार हवा असतो. पुण्यात काटकर बंधूंनी उभारलेल्या 'क्विक हील'सह या क्षेत्रातील सर्वच कंपन्यांपुढील मूळ प्रश्न हाच. विषाणू फाइल उघडल्यानंतर सापडला, तर तोवर उशीर झालेला असतो.

अशी अधिकृत सोय नसल्याने काही अँटिव्हायरस थेट कर्नेलच्या अंतर्गत तक्त्यातच फेरफार करीत. त्यामुळे यंत्रणाच कोसळण्याचा धोका असे. त्यावर 'रेड हॅट'च्या एरिक पॅरिस यांनी 'फॅनोटिफाय' रचले. जानेवारी २०११ मधील २.६.३७ आवृत्तीपासून ते वापरात आले. यात फाइल मागणारा प्रोग्राम थांबविला जातो, त्याचा क्रमांक तपासनिसाला कळविला जातो आणि होकार मिळाल्यावरच फाइल उघडते. तपासनिसाला ती फाइल उघडलेल्या अवस्थेतच मिळते. अन्यथा त्याच्या प्रत्येक तपासणीची पुन्हा वर्दी जाऊन चक्र थांबलेच नसते.

या सोयीची किंमतही आहे. तपासनीस प्रोग्राम अडकला, तर फाइल मागणारेही ताटकळतात. म्हणूनच परवानगी देण्या-नाकारण्याचा हा अधिकार केवळ प्रशासकीय हक्क असलेल्या प्रोग्रामलाच मिळतो. शिवाय फाइल मेमरीत जोडून घेतल्यानंतर तेथे झालेले बदल फॅनोटिफायला दिसत नाहीत. फाइल निर्माण होणे, पुसली जाणे वा हलविली जाणे यांची वर्दीही २०१९ मधील ५.१ आवृत्तीपासूनच मिळू लागली.

पहारा चोख असला, तरी त्याच्या मर्यादा ठाऊक असणे संगणक सांभाळणाऱ्यांच्या हिताचेच आहे.