कर्वेनगर, फेब्रुवारी 2012

खोली कॉट बेसिसवरची. तीन लोखंडी कॉट, एक टेबल, भिंतीवर दोरी बांधून वाळत घातलेले टॉवेल. खिडकीजवळच्या कॉटवर मांडी घालून बसलेले तुम्ही आहात. फेब्रुवारी 2012 सुरू आहे आणि पुण्याची थंडी अजून पुरती सरलेली नाही. लॅपटॉपवरचं घड्याळ 1:58 दाखवतंय. बीएसएनएलच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ नेट अमर्याद असतं, म्हणून या मजल्यावर दोनच्या आत कुणी मोठी फाईल डाऊनलोडला लावत नाही. शेजारच्या खोलीतही दिवा चालू आहे, तिकडे बहुतेक सिनेमा उतरणार. तुम्ही उतरवणार आहात अँड्रॉइड 4.0.

मांडीवर फोन आहे: सॅमसंग गॅलेक्सी एस, मॉडेल आय 9000. चार इंची पडदा, एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, 512 एमबी रॅम. मामाने तो दुबईहून आणून दिला. 2010 साली असा फोन हातात असणाऱ्याकडे लोक वळून बघत. पण तो घेतल्यापासून एक गोष्ट तुम्हाला सलते आहे. त्याच्यावर अरबी सुरेख दिसतं, मराठीच्या जागी मात्र चौकोन दिसतात. मराठी वर्तमानपत्राची साईट उघडा, चौकोन. आईने कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेला मेल उघडा, चौकोनांच्या रांगा.

यावरचा तोडगा या काळातल्या बहुतेकांना माहीत आहे आणि तुमच्या बोटांनाही. ऑपेरा मिनी उघडायचं, पत्त्याच्या जागी ऑपेरा कोलन कॉन्फिग लिहायचं, सगळ्यात खाली जाऊन बिटमॅप फॉन्टचा पर्याय 'येस' करायचा. मग ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून पाठवतो आणि तुम्ही ती वाचता. वाचता येतं, पण ते चित्रच असतं. एसएमएसमध्ये मराठी नाही, संपर्कांच्या यादीत नाही, मेलमध्ये नाही.

अँड्रॉइड 4.0, म्हणजे आइस्क्रीम सँडविच, देवनागरीचा फॉन्ट आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोय सोबत घेऊन आलं आहे. गूगलने त्याचा सोर्स कोड नोव्हेंबर 2011 मध्ये खुला केला. त्यावर डिसेंबरात सॅमसंगने सांगून टाकलं, की गॅलेक्सी एसला हे अपडेट मिळणार नाही. कारण असं दिलं, की 4.0 आणि कंपनीचं स्वतःचं टचविझ, दोन्ही मावतील एवढी मेमरी या फोनमध्ये नाही.

इथे थोडं थांबा. त्याच डिसेंबरात गूगलने नेक्सस एसला 4.0 द्यायला सुरुवात केली. नेक्सस एस बनवला कुणी? सॅमसंगनेच. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच. फरक एवढाच, की त्याच्यावर टचविझ नव्हतं. म्हणजे फोन कमी पडत नव्हता, कंपनीला आपलं आवरण सोडायचं नव्हतं. माझ्या मते कस्टम रॉमची, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बांधलेल्या अँड्रॉइडची, सगळी चळवळ याच एका जागी उभी आहे. 'होत नाही' आणि 'करत नाही' यांतला फरक कुणीतरी कोड लिहून दाखवून दिला. ज्याने पैसे मोजून फोन घेतला, त्याच्या फोनवर काय चालावं हे शेवटी त्यानेच ठरवायला हवं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

दोन वाजले. तुम्ही दोन फाईली डाऊनलोडला लावता. पहिली, अँड्रॉइड 4.0 वर बेतलेल्या सायनोजेनमॉड 9 या कस्टम रॉमची, शंभरेक एमबीची झिप. गॅलेक्सी एससाठी ती टीम हॅकसंग या गटाने तयार केली आहे. दुसरी छोटी झिप गूगलच्या अ‍ॅप्सची, बोलीत 'गॅप्स'. ती वेगळी असण्याला कारण आहे. सायनोजेनमॉड सुरू करणाऱ्या स्टीव्ह कॉन्डिकला सप्टेंबर 2009 मध्ये गूगलने कायदेशीर नोटीस पाठवली होती. अँड्रॉइड खुलं असलं, तरी मार्केट, जीमेल, मॅप्स ही अ‍ॅप्स आमची आहेत, ती तुमच्या रॉममध्ये घालून वाटू नका, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून रॉम वेगळी, गॅप्स वेगळे. आणि ऑगस्ट 2011 पासून हा कॉन्डिक नोकरीला आहे तो सॅमसंगमध्ये.

"ईएफएसचा बॅकअप घेतलास का बे?"

पलीकडच्या कॉटवरून आवाज येतो. रूममेट सोलापूरचा. चादर डोक्यावरून घेतलेली, पण जागा आहे.

"घेतला की."

"कुठं ठेवलास? फोनमध्येच?"

तुम्ही गप्प.

"काय करायलास मग! लॅपटॉपवर काढ आधी. पेनड्राइव्हवर पण टाक."

त्याचं बरोबर आहे. ईएफएस हा फोनमधला अगदी लहानसा भाग, पण फोनचा आयएमईआय नंबर त्याच्यात असतो. रॉम बिघडली तर पुन्हा टाकता येते. ईएफएस गेलं आणि बॅकअप नसला, तर फोन 0049 ने सुरू होणारा कुठलातरी भलताच नंबर दाखवू लागतो. भारतात 2009 च्या डिसेंबरपासून वैध आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा बंद करण्याचा आदेश आहे. ते फोल्डर आधी लॅपटॉपवर येतं, मग पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह तुम्ही दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवता.

आता ओडिन. सॅमसंगच्या सेवा केंद्रांमध्ये वापरला जाणारा हा प्रोग्राम कधीचाच बाहेर आला आहे. आधी सॅमसंगचं कीज पूर्ण बंद करायचं, नाहीतर ते मध्येच फोनवर हक्क सांगतं. ओडिनच्या खिडकीत रकाने आहेत: पीआयटी, पीडीए, फोन, सीएससी. चेनफायरने बनवलेली सीएफ-रूटची फाईल पीडीएमध्ये लावायची, तीही फोनमध्ये आत्ता असलेल्या फर्मवेअरशी जुळणारीच. री-पार्टिशनच्या चौकोनात टिक आहे का ते पाहा. नाही? पुन्हा पाहा. इथे चुकून टिक राहिली, की फोनची अंतर्गत विभागणीच मोडते.

फोन बंद करा. आवाज कमी करायचं बटण, मधलं होम आणि पॉवर, तिन्ही एकदम दाबून धरा. पडद्यावर पिवळा त्रिकोण उमटतो, त्यात फावडं घेतलेला अँड्रॉइड. खाली इंग्रजीत सूचना: डाऊनलोडिंग, टार्गेट बंद करू नका. केबल लावल्याबरोबर ओडिनमधला कॉम पोर्टचा चौकोन पिवळा होतो.

काही आय 9000 मध्ये ही तीन बटणं कामच करत नाहीत. त्यासाठी तुमच्या टेबलाच्या खणात एक जिग पडलेली आहे. तपकीर गल्लीतून आणलेले शंभर किलोओहमचे तीन रेझिस्टर आणि एक किलोओहमचा एक, एकामागे एक डाग देऊन जोडलेले, आणि टोकाला जुन्या चार्जरची कापलेली मायक्रो यूएसबी पिन. एकूण 301 किलोओहम. पिन खोचली, की फोन आपणहून डाऊनलोड मोडमध्ये जातो. मजल्यावरच्या कुणाचा फोन अडला, तर जिग इथूनच जाते आणि इथेच परत येते.

स्टार्ट दाबण्याआधी लॅपटॉपच्या चार्जरची पिन नीट बसली आहे ना, ते हाताने चाचपा. लॅपटॉपची बॅटरी कधीच गेली आहे, तो फक्त विजेवर चालतो. आत्ता लाईट गेली, तर पडद्यावर एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर आणि मध्ये उद्गारचिन्ह येईल. त्यातूनही वाट निघते, पण तासभर घाम फुटतो.

स्टार्ट. निळी रेघ सरकते. काही सेकंदांत हिरवा चौकोन: पास.

पुढचं काम रिकव्हरीत. आवाज वाढवण्याचं बटण, होम, पॉवर. काळ्या पडद्यावर सीएफ-रूटबरोबर आलेल्या क्लॉकवर्कमॉड रिकव्हरीचा मेन्यू. आधी पूर्ण बॅकअप, मग डेटा वाइप, मग झिप निवडायची. फाईल टाकायला सुरुवात होते, फोन मध्येच रीस्टार्ट होतो आणि लोगोवर अडकून बसतो. पाच मिनिटं गेली, लोगो तिथेच.

घाबरू नका. सॅमसंगच्या मांडणीवरून सायनोजेनमॉडच्या मांडणीवर जाताना मेमरीचे भाग नव्याने पाडले जातात आणि पहिल्या फेरीत बहुधा असंच होतं. मागचं झाकण उघडा, बॅटरी काढा, पुन्हा बसवा, तीन बटणांनी रिकव्हरीत जा आणि तीच झिप पुन्हा टाका. त्यामागून गॅप्स. मग रीबूट.

पहिलं बूट लांबतं. या वेळात तुमच्या डोक्यात पुढच्या वर्षांचं सगळं येऊन जातं, कारण तुम्ही तिकडूनच आला आहात. कॉन्डिक 2013 मध्ये सायनोजेनच्या नावाने कंपनी काढेल. 2016 च्या डिसेंबरअखेर तीच कंपनी सायनोजेनमॉडचे सर्व्हर बंद करेल आणि लोक तो कोड घेऊन लिनिएजओएस या नावाने पुढे चालत राहतील. दीड वर्षाच्या फोनला अपडेट नाकारणारी सॅमसंग जानेवारी 2024 मध्ये एस 24 बरोबर 7 वर्षांच्या अपडेटचा शब्द देईल. तो शब्द कंपनीला आपसूक सुचला असं मी मानणार नाही. आधीची कितीतरी वर्षं 'हे याच फोनवर चालतं' असं फुकटात दाखवून देणाऱ्यांचा त्यात वाटा आहे. पण दुसरं दारही बंद होत जाईल. बूटलोडर उघडू न देणारे फोन येतील, आणि उघडलेल्या फोनवर बँकांची कितीतरी अ‍ॅप्स चालायला नकार देतील. पैशांच्या सुरक्षेची काळजी मला समजते. पण जुना, कंपनीने वाऱ्यावर सोडलेला फोन नव्या रॉमवर सुरक्षित ठेवणारा माणूस आणि चोर, दोघांना एकाच कुलपाने बाहेर ठेवणं मला पटत नाही.

पडदा उजळतो. भाषा निवडा, गूगल खातं जोडा. वाय-फाय लागलं. तुम्ही आधी आयएमईआय तपासता: स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. बॅटरीखालच्या स्टिकरवरचाच नंबर. मग मेल उघडता. आईचा तो मेल, साध्या मेलच्या अ‍ॅपमध्ये, ऑपेराच्या मदतीशिवाय: 'प्रकृतीची काळजी घे, श्रीखंड पाठवते आहे.' 'प्र' जुळलेला, 'श्री' जुळलेली, 'ती'मधली वेलांटी जागच्या जागी. तुम्ही खाली सरकवत राहता, वर आणता, पुन्हा खाली.

एफएम रेडिओ गेला आहे. मूळ अँड्रॉइडमध्ये एफएमचं अ‍ॅपच नाही, त्यामुळे ही रॉमही ते देत नाही. रूममेटला याचं खरं दुःख होतं, कारण रात्री गाणी तो तुमच्याच फोनवर ऐकायचा.

सकाळी मेसमध्ये बातमी तुमच्या आधी पोचलेली असते. फोन हातोहात फिरतो. एलजी ऑप्टिमस वनवाल्याला तुम्ही सांगता की त्याच्यासाठी सायनोजेनमॉड 7 आहे. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा एकजण ताट बाजूला सारून आपला फोन पुढे करतो.

"माझा पण गॅलेक्सी एसच आहे रे. तुझीच फाईल टाकून दे ना."

"बॅटरी काढ. स्टिकरवर काय लिहिलंय?"

तो झाकण उघडून वाचतो. "आय 9003."

दिसायला अगदी तसाच, पण हा गॅलेक्सी एसएल. पडदा एलसीडीचा, आतली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. तुमची फाईल याच्यात गेली तर हा फोन उठणार नाही. तुम्ही नाही म्हणता, त्याचा चेहरा पडतो. मग तुम्ही वहीचं पान फाडून मॉडेल नंबर आणि फर्मवेअरचा आकडा लिहून घेता. याची रॉम वेगळी शोधायची आहे, आणि तोवर त्याने ईएफएसचा बॅकअप काढून ठेवायचा आहे, लॅपटॉपवर.